माझे मी करीन!

गेल्या मार्च महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा पाच वर्षांचा. खोकला किरकोळ होता. औषध लिहून झाले तरी ते उठेनात. शेवटी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "डॉक्टर, तुमचं एक मत हवं होतं. याला त्या मॉन्टेसरीतून काढावं म्हणतो."

मी कारण विचारले.

"अहो, तिथं तीन वर्षांची, चार वर्षांची, पाच वर्षांची पोरं एकाच वर्गात बसवतात. आमचा आता सगळ्यात मोठा झाला. शेजाऱ्यांचा मुलगा याच्याच वयाचा, शंभरपर्यंत आकडे लिहितो, इंग्रजी कविता म्हणतो. आणि हा? परवा मी जरा डोकावलो, तर एका बारक्याला चपलेचा पट्टा लावायला शिकवत बसला होता. म्हणजे फी आम्ही भरायची आणि शिकवायचं आमच्या पोरानं!"

बाहेर बाकावर आठ-दहा पेशंट ताटकळत होते. शिवाय त्यांचे म्हणणे वरवर पाहता खोटेही वाटत नव्हते. "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," असे गुळमुळीत उत्तर देऊन मी त्यांना वाटेला लावले. रात्री जेवायला बसलो तेव्हा तोच मुलगा दोन वर्षांपूर्वी कसा होता हे आठवले आणि आपण चुकीचे उत्तर दिले असे वाटू लागले. आजचा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

बटण न निघणारी पँट

दोन वर्षांपूर्वी हा मुलगा तीन वर्षांचा होता. शाळेत जायला लागून दोन महिने झाले असतील. पोटात दुखते, लघवी करताना रडतो, दुपारी घरी येईपर्यंत चड्डी ओली होते, अशी तक्रार घेऊन आई त्याला माझ्याकडे आली. लघवी तपासली, कल्चर केले. जंतुसंसर्ग निघाला. लहान मुलाला असा संसर्ग झाला की मूत्रमार्गात काही जन्मजात दोष नाही ना, हे पाहावे लागते, म्हणून सोनोग्राफीही करून घेतली. ती चांगली आली. औषधाचा कोर्स झाला, मुलगा बरा झाला. दीड महिन्याने पुन्हा तेच. आईने शाळेच्या पाण्याला दोष दिला, मी पाणी कमी पिण्याला दिला, आणि पुन्हा प्रतिजैविक लिहिले.

खरे कारण शोधून काढले ते त्याच्या वर्गातल्या बाईंनी. मुलाला रोज जीनची कडक पँट घालून पाठवीत. वर धातूचे बटण, खाली चेन, शिवाय पट्टा. घरी ही सगळी सोडवणूक आजी करून देत असे. शाळेत ती त्याला जमत नव्हती आणि सांगायची लाज वाटत होती. म्हणून सकाळी नऊपासून साडेबारापर्यंत तो लघवी दाबून धरी. लघवी लागू नये म्हणून पाणी पीत नसे. शौचही दाबून ठेवी, त्यामुळे मळाचा खडा होई. मोठ्या आतड्यात साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो, मग मूत्राशय पुरते रिकामे होत नाही आणि मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. हे सगळे मी पुस्तकात वाचलेले होते. पण "बाळ, शाळेत शू करायला जातोस का?" हा साधा प्रश्न मी दोन्ही वेळा विचारला नव्हता.

बाईंनी आईला सांगितले, याला इलॅस्टिकची साधी चड्डी घाला. मी मळ मऊ होण्याचे औषध काही आठवडे चालू ठेवले. तिसरी गोष्ट वर्गात घडली. त्या वर्गात लाकडी चौकटींवर कापडाच्या दोन पट्ट्या ताणून बसवलेल्या असतात. एका चौकटीला मोठी बटणे, दुसरीला हुक, तिसरीला नाडी. हा मुलगा बटणांच्या चौकटीशी झटत असे. एक पाच वर्षांची मुलगी रोज त्याच्या शेजारी येऊन बसे. बोलत फारसे नसे. बटण आडवे कसे करायचे आणि भोकातून अर्धे बाहेर आले की दुसऱ्या हाताने कसे ओढायचे, हे ती अगदी सावकाश करून दाखवी आणि पुन्हा सगळी बटणे लावून चौकट त्याच्या पुढे सरकवी. काही आठवड्यांत त्याला जमू लागले. त्यानंतर आजतागायत त्याला लघवीचा संसर्ग झालेला नाही.

चपलेचा पट्टा शिकवताना वडिलांनी ज्याला पाहिले, तो हा मुलगा.

नाक शिंकरण्याचा धडा

आपल्याकडे 'मॉन्टेसरी' हा शब्द इतका रुळला आहे की कोणत्याही शिशुवर्गाला मॉन्टेसरी म्हणतात. ते एका बाईंचे आडनाव आहे आणि त्या बाई डॉक्टर होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म १८७० साली इटलीत झाला. १८९६ साली त्या रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. बायकांनी डॉक्टर होणे तेव्हा इटलीतही सहज मान्य नव्हते. सुरुवातीला त्यांनी मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांबरोबर काम केले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी पहिले 'बालगृह' उघडले. आईबाप कामावर जात आणि शाळेच्या वयाची न झालेली मुले चाळीतल्या जिन्यांवर हुंदडत, भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढाच मूळ हेतू होता. म्हणजे वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र बसवणे ही आधी ठरवलेली योजना नव्हती. खोली एक आणि मुले सगळ्या वयांची, त्यातून ते घडले. त्याचे फायदे दिसत गेले तसे त्यांनी तीन ते सहा वर्षांचा एकच वर्ग ही पद्धत कायम ठेवली.

बाई मूळच्या डॉक्टर, त्यामुळे मुलांची उंची, वजन, स्वच्छता याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. त्यांनीच लिहून ठेवलेली एक हकिगत मला फार आवडते. एक दिवस त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरायचे याचा धडा दिला. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता एकेक नाकपुडी कशी साफ करायची, हे सगळे गंभीरपणे करून दाखवले. धडा संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आले की शेंबड्या नाकावरून या मुलांना आजवर सगळ्यांनी टोमणे मारले होते, पण नाक कसे पुसावे हे कोणी शांतपणे दाखवले नव्हते. वाचकहो, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मीही कितीतरी आयांना "याचं नाक पुसा" असे सांगितले. मुलाला शिकवले मात्र एकदाही नाही.

१९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मॉन्टेसरीबाई मद्रासजवळ अड्यारला आल्या. तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. दुसरे महायुद्ध पेटले, इटली शत्रुपक्षात गेली आणि इंग्रज सरकारने त्यांचा मुलगा मारिओ याला स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, १९४० च्या ऑगस्टअखेर, त्याला सोडण्यात आले. मायलेक १९४६ पर्यंत इथेच राहिले आणि त्यांनी देशभरातल्या शिक्षकांना शिकवले. त्यातली काही वर्षे त्यांचा मुक्काम कोडाईकनालला होता. तिथे त्यांच्याभोवती लहानमोठी मुले एकत्र शिकत. भारतात दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांवरून तयार झालेले 'द ॲब्सॉर्बंट माइंड' हे पुस्तक १९४९ साली निघाले. मिश्र वयाच्या वर्गाबद्दल त्यांनी त्यात आवर्जून लिहिले आहे.

पण त्या इथे येण्याच्या कितीतरी आधी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथेच काम करू लागल्या. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी लाकडी साहित्य परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांवर तेच शिक्षण उभे केले. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. थोरल्या बहिणींना धाकट्या भावंडांमुळे शाळेत येता येईना, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणून 'विकासवाडी' केली. थोरली शिकते आहे, मधला खेळतो आहे आणि तान्हे झोळीत आहे, सगळे एकमेकांच्या नजरेत. रोमच्या खोलीत मुले योगायोगाने एकत्र आली होती. कोसबाडला ती गरजेतून आली. माझ्या मते कोसबाडचे काम जास्त अवघड होते.

दोन तास स्टुलावर

मार्चमधल्या त्या प्रसंगानंतर एका गुरुवारी, दवाखान्याला सुटी असते तेव्हा, मी त्या वर्गात जाऊन बसलो. दरवर्षी आरोग्य तपासणीसाठी जातोच, पण तेव्हा मुले रांगेत उभी असतात आणि मी त्यांचे घसे पाहत असतो. या वेळी कोपऱ्यात एका बुटक्या स्टुलावर नुसता बसलो. दोन तासांनी माझे गुडघे बोलू लागले, पण उठावेसे वाटले नाही.

सव्वीस मुले होती. गोंगाट नव्हता, आणि चिडीचूप शांतताही नव्हती. सुतारशाळेत असते तशी कामाची कुजबुज होती. एक मुलगी छोट्या केरसुणीने सांडलेले तांदूळ गोळा करीत होती. एक मुलगा या तांब्यातून त्या तांब्यात पाणी ओतत होता. ते सांडले. कोणी ओरडले नाही. त्याने स्वतःच फडके आणले, पुसले, पिळून वाळत घातले आणि पुन्हा ओतू लागला. एक साधारण सव्वातीन वर्षांची चिमुरडी, दोन्ही हात पाठीमागे धरून, दहा मिनिटे उभी राहून नुसती पाहत होती. पाच वर्षांची एक मुलगी बोथट सुरीने काकडीच्या चकत्या करीत होती, तिकडे तिचे डोळे लागले होते. मला वाटले, ही पोर रिकामी उभी आहे. बाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ती आत्ता सगळ्यात जास्त काम करतेय."

हे मला पटले. मुलाला मोठ्या माणसाची नक्कल करायला आवडते, पण मोठ्या माणसाचे हात फार भरभर चालतात आणि त्याचे कौशल्य फार दूरचे असते. पाच वर्षांच्या मुलाचे हात तीन वर्षांच्याला समजतील एवढेच पुढे असतात. "हिला येतं, म्हणजे मलाही येईल," असा विश्वास आईकडे पाहून येत नाही, तो थोड्या मोठ्या मुलाकडे पाहून येतो.

मोठ्याला काय मिळते, हा त्या वडिलांचा प्रश्न. आपण एखादी गोष्ट करू शकतो, पण दुसऱ्याला सांगताना तिचे तुकडे पाडावे लागतात. आधी काय, नंतर काय, चूक कुठे होते, हे सगळे मनात मांडावे लागते. मेडिकल कॉलेजात आम्ही ज्युनिअरला शिकवताना जे शिकलो ते आजवर विसरलो नाही. पाच वर्षांच्या मुलाचेही तसेच. शिवाय तो थांबायला शिकतो. धाकट्याच्या हातातून चप्पल हिसकावून पट्टा लावून टाकणे सोपे असते. त्या दिवशी एका मोठ्या मुलाने तसे केलेही. बाई एकदाच बोलल्या ती तेवढ्याच वेळी: "त्याला करू दे. तू बघ." मुलाने हात मागे घेतले. मला वाटते हे वाक्य आपल्या घराघरांत लिहून लावले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आहे. एकाच वयाच्या चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची तुलना शेजाऱ्याशी होते. जो मागे पडतो तो 'ढ' ठरतो. मुले मात्र एका मापाने वाढत नाहीत. वयोगट मिश्र असला की कोण कोणाच्या पुढे हा हिशेबच नीट मांडता येत नाही. सहा वर्षांच्या एखाद्याला बटण जमत नसेल, पण पाने ओळखण्यात तो पुढे असेल. आणि तीन वर्षांत प्रत्येक मूल एकदा धाकटे, एकदा मधले आणि एकदा थोरले होते. आज पुष्कळ घरांत एकच अपत्य आहे. थोरला भाऊ किंवा बहीण होण्याची त्याची संधी बहुधा हा वर्गच. म्हणून तिसऱ्या वर्षी मुलाला काढणे म्हणजे दोन वर्षे घेतल्यानंतर देण्याची पाळी आली तेव्हाच उठवणे होय.

वाड्यातल्या एकत्र कुटुंबात हे सगळे आपोआप होत असे, असे कोणी म्हणेल. काही अंशी खरे आहे. पण आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर दिवसभर तान्हे मूल देऊन तिची शाळा बुडवणे याला मी शिक्षण म्हणणार नाही. जबाबदारी आणि ओझे यांतला फरक वडीलधाऱ्यांनीच ओळखायचा असतो.

मनगटाचा एक्स-रे

"शंभरपर्यंत लिहितो" या कौतुकाबद्दल डॉक्टर म्हणून थोडे लिहिले पाहिजे. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतात, बाकीची अजून कूर्चेच्या रूपात असतात. बोटांचे बारीक स्नायूही हळूहळू तयार होतात. साधारणपणे मूल तिसऱ्या वर्षी पाहून वर्तुळ काढते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह काढते, साडेचारच्या आसपास चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण. ज्याला अजून तिरकी रेघ जमत नाही त्याच्याकडून पानेच्या पाने 'क' आणि 'ए' गिरवून घेतले की ते पेन्सिल मुठीत आवळते, खांदा वर चढवते, हात दुखतो म्हणते आणि शेवटी वहीचाच कंटाळा करते. असे 'हात दुखणारे' चार वर्षांचे पेशंट माझ्याकडे येतात. त्यांना कॅल्शियमची बाटली लागत नाही.

बटण लावणे, चिमटीने डाळीचे दाणे वेचणे, फडके पिळणे, काकडी कापणे, लाकडी ठोकळ्यातले दट्टे त्यांच्या बारीक मुठींनी उचलून योग्य भोकात बसवणे, ही सगळी पेन्सिल धरण्याचीच पूर्वतयारी आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना ती व्यायाम देते. मॉन्टेसरीबाईंनी एका तीन वर्षांच्या मुलीला हे दट्ट्यांचे काम चाळीसपेक्षा जास्त वेळा पुन्हा पुन्हा करताना पाहिले. भोवती मुले गात असतानाही तिचे लक्ष हलले नाही. आपल्याकडे आई तिसऱ्या वेळीच म्हणते, "पुरे आता, दुसरं घे."

हे सगळे मापून पाहिले आहे का, असे कोणी विचारील. अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या एका सरकारी मॉन्टेसरी शाळेचा अभ्यास २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले जात, म्हणून ज्यांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची निघाली नाही अशा मुलांची तुलना करता आली. पाच वर्षांची मॉन्टेसरीतली मुले अक्षरओळख, साधे गणित, स्वतःवर ताबा ठेवणे आणि इतरांशी न्यायाने वागणे यांत पुढे होती. बारा वर्षांच्या मुलांत अभ्यासातला फरक मात्र राहिला नव्हता. शाळा एकच होती, तेव्हा यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण 'तिथे मुले मागे पडतात' ही भीती तरी त्यातून दिसत नाही.

पाटी पाहून भुलू नका

'मॉन्टेसरी' हे नाव कोणीही लावू शकतो, त्यावर कोणाचा हक्क नाही. म्हणून प्रवेशाआधी पालकांनी अर्धा तास वर्गात बसण्याची परवानगी मागावी. तीन ते सहाची मुले खरोखर एकत्र आहेत का, की वयाप्रमाणे खोल्या पाडल्या आहेत? साहित्य मुलांच्या हाताच्या उंचीवर आहे, की कपाटात कुलपात? मी सगळ्यात आधी मुतारी पाहतो. भांडे बुटके आहे का, दाराची कडी मुलाला उघडते का, पाणी आणि साबण हाताला लागतो का, मुलगा विचारल्याशिवाय जाऊ शकतो का? मुलींना पुढून मागे धुण्याची सवय लावली आहे का? जवळच्या अंगणवाडीतही तीन ते सहाची मुले एकत्रच असतात, आणि ताई हौशी असतील तर हे सगळे तिथे बिनखर्चाने होऊ शकते. ताराबाईंनी ते खडे-शिंपल्यांवर करून दाखवले आहे.

लहानमोठी मुले एकत्र आली की आजारही एकत्र येतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी मुलाला सात-आठ वेळा सर्दी-खोकला होणे ही सामान्य गोष्ट आहे. त्यासाठी शाळा बदलू नये आणि दर वेळी प्रतिजैविकही मागू नये. कांजिण्या झाल्या तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मूल घरी ठेवावे. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा डीपीटीचा बूस्टर पुष्कळ घरांत राहून जातो, कार्ड काढून पाहावे. मोठ्यांच्या वर्गातले मणी, चिंचोके, नाणी खिशातून घरी येतात. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर रोज खिसे तपासावेत. शेंगदाणा किंवा मणी श्वासनळीत गेलेली मुले मी पाहिली आहेत. त्या मिनिटांचे वर्णन मी इथे करणार नाही.

आजींची समजूत

वर्गात जे मिळते ते घरी दहा मिनिटांत पुसले जाऊ शकते. शाळेत स्वतः डबा खाणारे मूल घरी आजीच्या मांडीवर मोबाइल पाहत घास घेते. आजींवर माझा राग नाही. भरवणे ही त्यांची माया आहे. पण दीड वर्षाचे मूल चमचा तोंडापर्यंत नेऊ शकते, निम्मे सांडते एवढेच. तीन वर्षांच्या मुलाने आपल्या हाताने जेवावे. भरवलेल्या मुलाला आपले पोट भरले की नाही हे कळेनासे होते. मग जेवत नाही म्हणून दूध, दूध प्यायले म्हणून जेवण नाही, आणि दिवसाला तीन-चार पेले दूध पिणारे मूल पांढरेफटक होऊन रक्त कमी म्हणून दवाखान्यात येते. दुधात लोह फारच थोडे असते.

यासाठी खर्च काही नाही. खुंटी खाली लावा. नाडीऐवजी इलॅस्टिक घाला. छोटा तांब्या, छोटी वाटी आणि पुसायचे फडके मुलाच्या हाताशी ठेवा. आणि सकाळी पंधरा मिनिटे आधी उठा. मुलाला स्वतः करू न देण्याचे खरे कारण बहुतेक घरांत रिक्षाची वेळ हे असते. चप्पल उलटी घातली तर घालू द्या. पायाला टोचले की त्याचे त्याला कळते.

मात्र सगळेच वाट पाहून सुटत नाही. तीन वर्षे पुरी झाली तरी दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत नाही, नावाने हाक मारली तरी वळत नाही, नजर देत नाही, खोटे-खोटे खेळत नाही, वरचेवर पडते, किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरू लागते, अशा मुलाला "शाळेत गेलं की शिकेल" म्हणून ठेवू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला आवर्जून न्यावे आणि मनातली शंका बोलून दाखवावी.

त्या गृहस्थांना मी मागाहून फोन करून बोलावले आणि जीनच्या पँटची आठवण दिली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शेजाऱ्यांना काय सांगू?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मुलाला त्यांनी अजून तरी काढलेले नाही. गेल्या आठवड्यात तो बूस्टर घ्यायला आला. आजी पुढे झाल्या तशी तिला हाताने थांबवून त्याने शर्टाच्या बाहीचे बटण स्वतः काढले, बाही तीन घड्या घालून वर केली आणि दंड पुढे केला. सुई टोचल्यावर मात्र भोकाड पसरले.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील जुलाब आणि घरगुती मीठ-साखरेचे पाणी)